भवऱ्याला शांत केलं, त्याची गोष्ट

थांबा, थांबा ना मित्रांनो, पळू नका! मी चावत नाही. या केळीच्या कॅरेटमधून मला उठताच येत नाही, तर चावणार कसा? या, बसा इथं पायरीवर. सोनल तिकडं पाणीपुरीच्या गाडीवर गेलीय, ती येईपर्यंत सांगतो. पटापट सांगतो. मला हळू सांगता येतच नाही.

तर मी भवऱ्या. मी काही जुना वगैरे नाही हं. अजून तीन वर्षांचाही झालो नाही. पुढून बघाल तर एकदम नवा कोरा कुत्रा. कान बघा, दात बघा. फक्त कमरेच्या मागचा भाग तेवढा जुना झालाय. तो कसा झाला तेच सांगतोय, ऐका.

माझा जन्म इथला नाही. तिकडं लांब, धुळ्याच्या पुढं, साक्रीच्या बाजूला. झुलालआबा म्हणून एक ठेलारी आहेत, मेंढ्या घेऊन गावोगाव फिरणारे, त्यांच्या वाड्यावर मी जन्मलो. वाडा म्हणजे काय, तर मोकळं रान, भोवती जाळी, आत मेंढ्याच मेंढ्या, आणि बाहेर माझी आई, रात्रभर जागी. आम्हा पिल्लांना कोणी काही शिकवलं नाही मित्रांनो, खरंच सांगतो. पण एखादी मेंढी कळप सोडून बाजूला निघाली ना, की माझ्या पायांत अशी एक शिणक उठायची! म्हणजे आतून काहीतरी चावायचं. मग मी पळायचो, तिच्या मागून वळसा घालायचो, आणि ती परत कळपात शिरली की शिणक थांबायची. मग जी काय झोप लागायची! दिवसभर पळायचं आणि झोपायचं. एवढंच होतं आयुष्य. मस्त होतं.

मग एके दिवशी रस्त्याकडेला एक गाडी थांबली. स्वप्नीलभाऊ, दिपमालावहिनी आणि त्यांची पोरगी सोनल, साक्रीला लग्नाला आले होते, परत जळगावला निघाले होते. सोनल खाली उतरली आणि मेंढ्या बघायच्या सोडून मलाच बघत बसली. मी तिच्याभोवती गरगर गरगर फिरत होतो, कारण ती बाजूला उभी होती ना, तिला कळपात घालायला नको?

"पप्पा, हा बघा कसा फिरतोय! भवऱ्यासारखा!" ती म्हणाली. झालं, नाव पडलं.

झुलालआबांकडं पिल्लं जास्तच झाली होती. ते हसले. "लई जाय बेटा. पन सांगी ठेवस, हाऊ एक जागावर ऱ्हास नही. याले पाय शेतस का चाकं शेतस, देवले म्हाईत!"

स्वप्नीलभाऊ म्हणाले, "राहील हो आबा. घरी दूध-पोळी मिळेल, शांत होईल."

तेव्हा पहिल्यांदा मी तो शब्द ऐकला. शांत.

जळगावात आमचं घर मेहरूणमध्ये. हा तलाव घरापासून जवळच. बैठं घर, पुढं ओटा, वर गच्ची. घर भाड्याचं. शेजारच्या बंगल्यात घरमालक राहतात, लीलाधरनाना. आणि आमच्या घरात स्वप्नीलभाऊंची आई, कुंदाबाई. त्यांना घरात, गल्लीत सगळे अक्का म्हणतात. अक्का म्हणजे आमच्या गल्लीच्या गुटीवाल्या. कोणाचंही बाळ रडायला लागलं की त्याची आई त्याला घेऊन आमच्याकडं. अक्का सहाण मांडायच्या, तिच्यावर दूध टाकायच्या आणि एकेक मुळी घेऊन वेढे द्यायच्या. हळकुंडाचा एक वेढा, वेखंडाचा एक, हिरड्याचा एक, आणि झोप येत नसेल तर जायफळाचा, तोही जेमतेम अर्धा. त्यांचं बोट सहाणेवर असं गोल फिरायचं की मीही खाली त्याच्याबरोबर फिरायचो. बाळ गुटी चाटायचं आणि झोपून जायचं.

सोनल मला फार आवडायची. अजूनही आवडते. शाळेतून आली की दप्तरासकट माझ्या अंगावर पडायची. पण ती आली की लगेच ट्युशनला जायची, ट्युशनहून आली की जेवायची, मग झोपायची. स्वप्नीलभाऊ डाळ मिलमध्ये, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. वहिनींच्या मशीनवर ब्लाउजांचा ढीग. मग मला कोण पळवणार? सकाळी कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत जायचं, पाय वर करायचा, परत यायचं. बाकी दिवसभर ओट्यावर. साखळीला.

पण पायांतली ती शिणक काय साक्रीला राहिली होती का? ती आली होती माझ्याबरोबर! आणि इथं मेंढ्या नव्हत्या. मग मी साखळीभोवती फिरायचो. इतका फिरायचो की ओट्याच्या शहाबादी फरशीवर गोल पट्टा उमटला. कुंडी आडवी आली, पाडली. वहिनींनी वाळत घातलेली कापडं एका कोपऱ्यात ओढून गोळा केली, त्यात दोन गिऱ्हाइकांची होती, ती फाटली. कोणी रस्त्यानं गेलं की भुंकायचो, कारण ते सगळे असे सुटे सुटे कसे काय फिरतात? मला सहनच व्हायचं नाही.

आणि मग ती ट्युशनची गोष्ट झाली. नानांच्या बंगल्यात खालच्या खोलीत ट्युशन चालते. एक दिवस माझ्या साखळीचा हूक निसटला, आणि नेमकी त्याच वेळी पोरं सुटली. सगळीकडं पांगली! मित्रांनो, मला काय झालं काय सांगू! मी सुटलो. एकाला इकडून वळवला, एकीला तिकडून, पायांजवळ भुंकत भुंकत सगळ्यांना नानांच्या भिंतीशी उभं केलं. एकही बाजूला नाही. मी जीभ बाहेर काढून समोर बसलो आणि वाट बघत होतो, आता कोणीतरी मला शाबास म्हणेल.

पोरं भोकाड पसरून रडत होती. नानांचा नातू पडला होता, त्याचे दोन्ही गुडघे फुटले होते.

लीलाधरनाना वाईट माणूस नाहीत हं. पण नातवाचं रक्त बघून त्यांचं डोकं फिरलं. ओट्यावर येऊन म्हणाले, "स्वप्नीलभाऊ, तुमचा हा कुत्रा माझ्या बंगल्यात राहत नाही, तरी माझ्या डोक्यात भुंकतो. ते मी सहन केलं. हे नाही करणार."

"नाना, चावला नाही तो कोणाला."

"चावेपर्यंत थांबू का? हे बघा, तुमच्याकडं यंदा कानबाईचा रोट आहे ना? घरभर भाऊबंद येणार, लेकरं येणार. तोपर्यंत हा शांत झाला तर राहू द्या. नाहीतर मी स्वतः याला गाडीत घालून जामनेर रोडला सोडून येतो. आणि घरही दुसरं बघा."

सोनल दारात उभी होती. तिनं ऐकलं. तेव्हापासून ती मला बघायची ना, तर आधी हसायची आणि मग तिचा चेहरा पडायचा.

तुम्ही म्हणाल, झुलालआबांकडं परत द्यायचा. वहिनीही तेच म्हणाल्या होत्या. पण आबा पावसाळ्यात कुठल्या रानात असतील कोणाला ठाऊक, त्यांच्याकडं फोनही नाही. आणि सोनल म्हणाली, "भवऱ्या गेला तर मी जेवणार नाही." आणि खरंच एक दिवस जेवली नाही. मग ठरलं. भवऱ्याला शांत करायचं.

स्वप्नीलभाऊंनी मोबाईलवर शोधलं. फार चंचल कुत्र्याला शांत करायचे नैसर्गिक उपाय. एक माणूस पांढरा कुत्रा मांडीवर घेऊन सांगत होता, गोळ्या नकोत, इंजेक्शन नको, निसर्गाकडे वळा. मग घरी एक डबा आला. त्याच्यावर हिरवी पानं आणि डोळे मिटून हसणारा कुत्रा. आत पावडर. अश्वगंधा, ब्राह्मी आणि आणखी काहीतरी परदेशी फुलं. चव म्हणजे ओल्या मातीसारखी. पोळीला तूप लावून वर ती पावडर टाकायचे. खरं सांगू? वाईट नव्हती ती. दोन-चार दिवस डोकं जरा हलकं वाटलं, डोळ्यांवर थोडी गुंगी आली. पण पाय? पाय तसेच. पायांतली शिणक पावडर खात नव्हती.

"काही फरक नाही पडत हो," वहिनी म्हणाल्या.

"वेळ लागतो. नैसर्गिक आहे ना," स्वप्नीलभाऊ म्हणाले.

अक्का पलीकडं बसून वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "डबा कसाले पाह्यजे? घरमा जायफळ नही का? इतला पोरं झोपाडात मी या हातवर."

"अक्का, तो कुत्रा आहे."

"मंग? पोरेस्ले देतस ते त्याले काय व्हई? झाडपाला शे तो, इख थोडीच शे."

आणि खरंच, कोणाला वाटेल हो यात विष आहे म्हणून? घरातलं, डब्यातलं, बाळाला चाटवायचं! अक्कांनी सहाण मांडली, एक वेढा दिला, बोटावर घेऊन माझ्या जिभेला लावला. मला तर काय, अक्कांचं बोट चाटायला मिळालं, मी खूश! काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दोन वेढे. त्या दिवशी मी दुपारभर झोपलो. उठलो तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं आणि जमीन जरा तिरकी वाटत होती. पण घरात आनंद!

"दखं?" अक्का म्हणाल्या. "मन्हा पोऱ्या झोपना!"

मग चाललं ते तसंच, कधी एक वेढा, कधी दोन. मी झोपायचो. आणि जागा झालो की आधीपेक्षा जास्त फिरायचो, कारण राहिलेलं सगळं फिरणं बाकी असायचं ना.

आणि आला श्रावणातला तो रविवार. कानबाईचा. कानबाई म्हणजे आमची खानदेशातली देवी, रविवारी घरात बसवतात, भाऊबंदांसाठी रोटाचा स्वयंपाक करतात, आणि सोमवारी पाण्यात सोडतात.

मित्रांनो, आमच्या घराला सकाळपासून काय वास येत होता! नवा चुना, भाजलेला गहू, हरभऱ्याची डाळ शिजतेय, पुरण वाटलं जातंय, गंगाफळाची भाजी, खीर. धुळ्याहून, अमळनेरहून भाऊबंद आले. ओळखीचं एकही नाही आणि सगळे सुटे सुटे! मी ओट्यावर साखळीला होतो, आणि माझ्या पायांत अशी आग लागली की काय सांगू. भुंकलो. खूप भुंकलो. नानांच्या बंगल्याची खिडकी उघडली आणि बंद झाली. बस, तेवढं पुरलं.

घरातल्या सगळ्यांना एकच भीती. आज जर हा शांत राहिला नाही, तर उद्या जामनेर रोड.

अक्का घाईघाईत सहाण घेऊन आल्या. आज दोन नाही, चार वेढे दिले, चांगले दाबून, मोठे मोठे. चाटवले. "झोप रे मन्हा राजा. आजना दिन झोप."

थोड्या वेळानं वहिनी आल्या. पुरणासाठी जायफळ किसत होत्या, किसणी हातातच. दुधाची वाटी समोर ठेवली, तिच्यावर जायफळ किसलं. चिमूटभर नाही, चांगलं पांढऱ्यावर तपकिरी दिसेल इतकं. अक्कांनी दिलंय हे त्यांना माहीत नव्हतं. त्या चुलीशी, अक्का देवाशी. कोण कोणाला विचारणार त्या गर्दीत?

मग स्वप्नीलभाऊ. त्यांनी डब्यातली पावडर पोळीत गुंडाळून दिली. दोन चमचे. एरवी एक असायचा.

आणि मी? मी सगळं खाल्लं! मला काय माहीत? आज सगळे माझ्याकडं येत होते, डोक्यावरून हात फिरवत होते. मला वाटलं, आज माझाच सण आहे.

शेवटी सोनल आली. हे मी फक्त तुम्हाला सांगतोय हं, तिच्यासमोर काढू नका. ती मागच्या दारानं आली, ओढणीखाली वाटी लपवून. वाटीत खीर. रोटाची खीर. ती फक्त भाऊबंदांनी खायची असते, बाहेरच्या कोणाला देत नाहीत, आणि देवीला नैवेद्य दाखवायच्या आधी तर घरातलंही कोणी तोंड लावत नाही. सोनल माझ्या कानाजवळ वाकली आणि म्हणाली, "तू भाऊबंदच आहेस ना? मग खा. मी कानबाईला सांगितलंय, तुला इथंच ठेव म्हणून." त्या खिरीत तिनं स्वतःच्या हातानं जायफळ टाकलं होतं. आई पुरण वाटायला गेली तेव्हा किसणीवर उरलेला अख्खा तुकडा किसला होता तिनं. सगळ्यांपेक्षा जास्त. कारण सगळ्यांपेक्षा जास्त तिलाच मी हवा होतो.

मी वाटी चाटूनपुसून साफ केली.

मग मी शांत झालो. मान उचलेना. माणसं माझ्या अंगावरून चालत गेली तरी मी नुसता डोळे फिरवून बघायचो. लीलाधरनाना पांढरा सदरा घालून आले, ओट्यावर थांबले आणि मला बघतच राहिले.

"अरे वा! हाच का तो?"

"हाच," स्वप्नीलभाऊंची छाती फुगली. "औषध नाही, इंजेक्शन नाही नाना. सगळं नैसर्गिक."

"मानलं बुवा! मग आता साखळी कशाला? दमलाय बिचारा."

आणि स्वप्नीलभाऊंनी माझी साखळी काढली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, सगळ्यांच्या समोर. सोनल टाळ्या वाजवत होती. मी राहणार होतो! जामनेर रोड नाही, काही नाही, मी राहणार होतो. मला तिचा आवाज लांबून आल्यासारखा ऐकू आला.

पाहुण्यांच्या पायात नको म्हणून स्वप्नीलभाऊंनी मला उचललं, गच्चीवर नेलं, पोत्यावर ठेवलं, पाण्याची वाटी ठेवली आणि खाली गेले. खाली स्थापनेची आरती सुरू झाली. डफ वाजत होता.

आता नीट ऐका. आधी माझं तोंड वाळलं. पाणी प्यायलो तरी वाळलेलंच. मग छातीत असं धडधडायला लागलं की मला वाटलं डफ आतच वाजतोय. पोटात पीळ. गच्ची हलायला लागली. मी उठलो आणि फिरायला लागलो, पण या वेळी पाय नव्हते फिरत, सगळं जगच फिरत होतं.

आणि मग मला मेंढ्या दिसल्या.

अहो खरंच दिसल्या! गच्चीच्या कठड्यापलीकडं, हवेत, संध्याकाळच्या उजेडात, पांढऱ्या, काळ्या, लोकरीवर धूळ, सगळ्या माझ्याच. झुलालआबांच्या. आईचं भुंकणं ऐकू आलं. आणि एक मेंढी बाजूला निघाली होती, एकटीच. पायांत शिणक उठली. साखळी नव्हती. मी पळालो. इतका जोरात मी आयुष्यात पळालो नाही मित्रांनो. कठडा चढलो आणि वळसा घालायला उडी मारली.

ओट्याच्या कडेवर पडलो. कमरेवर.

आरती चालूच होती. कोणाला ऐकू गेलं नाही. मी भुंकलो नाही, आवाजच निघेना. अंग नुसतं थडथड उडत होतं. आरती संपल्यावर सोनल प्रसादाची वाटी घेऊन गच्चीकडं निघाली, तिला ओट्यावरच्या जिन्याशी मी सापडलो.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई रविवार असूनही आल्या. सुया टोचल्या, माझं थडथडणं थांबवलं, कमरेवर हात फिरवला, मागच्या पायांच्या बोटांना चिमटा काढला. मला काहीच कळलं नाही. त्यांनी पुन्हा चिमटा काढला.

"पडला कसा?" त्यांनी विचारलं. "आणि त्याच्या आधी याला काय खाऊ घातलं होतं?"

अक्का म्हणाल्या, "काही नही वो माय. जायफळना चार वेढा."

वहिनींनी अक्कांकडं बघितलं. "तुम्हीपण दिलं? मी दुधात किसलं होतं."

"मी डब्यातली पावडर दोन चमचे," स्वप्नीलभाऊ म्हणाले, आणि त्यांनी दोघींकडं बघितलं.

सोनलनं खिरीचं नाव काढलं नाही. ती माझा कान धरून उभी होती.

"जायफळ कुत्र्याला चालत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "डोक्यात चढतं. नसलेलं दिसायला लागतं, झटके येतात."

"पन झाडपाला शे ना तो," अक्का म्हणाल्या.

"धोतराही झाडपालाच आहे अक्का." मग त्या जरा नरमल्या. "त्या पावडरीचं मी एवढं म्हणत नाही. काही कुत्र्यांना अशा गोष्टींचा थोडाफार उपयोग होतो. पण आधी मला दाखवायचा होता ना. मी एकच विचारलं असतं. याला रोज पळायला किती वेळ नेता?"

खांबापर्यंत, हे उत्तर कोण देणार?

मी मेलो नाही. पण मागचे पाय परत आले नाहीत.

सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन सगळे तलावावर गेले, फुगड्या नाहीत, गाणी नाहीत. अक्कांनी येताना पदराखालून काहीतरी पाण्यात सोडलं. मला नंतर कळलं, ती सहाण होती. आता गल्लीतलं बाळ रडलं तर आया त्याला घेऊन आमच्या दारापर्यंत येतात, आठवतं त्यांना, आणि परत जातात.

लीलाधरनाना चार दिवसांनी आले. बिस्किटाचा पुडा आणला होता. माझ्यासमोर बसले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"राहू द्या याला," ते म्हणाले. "माझं काही म्हणणं नाही. आता काय त्रास आहे याचा?"

"हो नाना," स्वप्नीलभाऊ म्हणाले. "आता काहीच त्रास नाही."

असा मी राहिलो. सोनलनं मागितलं होतं तसंच. आता मी शांत आहे. कुंड्या पडत नाहीत, कापडं फाटत नाहीत, ओट्यावरचा तो गोल पट्टा वहिनींनी घासून घासून काढायला बघितला, निघाला नाही. स्वप्नीलभाऊंनी केळीच्या कॅरेटला चाकं लावली आणि सोनल मला रोज तलावावर आणते. रोज! ती ट्युशन लवकर सोडते, कधी वहिनी मशीन बंद करून येतात, कधी स्वप्नीलभाऊ पाळी बदलून. आता सगळ्यांना वेळ मिळतो.

परवा तलावाच्या पलीकडच्या रस्त्यानं मेंढ्या गेल्या. खऱ्या. घंटांचा आवाज आला आणि माझे पुढचे पाय ताठ झाले, मी कॅरेटच्या काठावर उभा राहायला गेलो, आणि मागचं सगळं पोत्यासारखं खालीच राहिलं. सोनलनं बघितलं. ती माझ्याजवळ बसली आणि एकदम हळू म्हणाली, "कानबाईच्या आधी तुला खीर दिली, म्हणून ती रागावली का रे?"

तिला सांगायचंय मला, की नाही गं, देवी नाही रागावली. तू टाकलंस ते सगळ्यांनीच टाकलं होतं, आणि प्रत्येकाला वाटलं आपण एकटेच टाकतोय. पण घरच्या माणसांना माझं बोलणं कुठं कळतं? मी तिचा हात चाटला. तिनं तो मागं घेतला. आताशा हात चाटू देत नाही ती मला.

म्हणून तुम्हाला सांगतोय मित्रांनो, तुम्ही माणसांची पोरं, तुमचं ऐकतात घरी. तुमच्याकडं माझ्यासारखा एखादा असेल, गरगर फिरणारा, सगळं पाडणारा, तर तो आजारी आहे की नुसता बांधलेला आहे एवढं आधी बघा. त्याला पळवा, दमेपर्यंत पळवा. त्यानंही काही होत नसेल तर डॉक्टरला विचारा. आणि घरातलं काही देणार असाल, कितीही चांगलं, कितीही झाडपाल्याचं, तर निदान एकमेकांना तरी विचारा, तू काही दिलंस का म्हणून.

माझी साखळी अजून दारामागं खिळ्याला आहे. काढून ठेवली ती ठेवलीच. लागतच नाही ना आता.

ती बघा, सोनल आली. तिला काही बोलू नका. तुम्हाला मी मघाशी थांबवलं होतं, पळू नका म्हणालो होतो. आता पळा. त्या वडापर्यंत जा आणि परत या, सगळे मिळून, कोणाला एकटं बाजूला पडू देऊ नका. जोरात पळा हं.

मी बघतो.